पाटी नसलेली पिवळी गाडी

फिनिक्सहून भाच्याचा फोटो आला तेव्हा पुण्यात सकाळचे सात वाजत होते. कुणाच्या तरी गॅरेजच्या दारात एक पिवळी सुझुकी उभी होती. डीआर-झेड 400 ई, वय वीस वर्षं. मडगार्ड उंच, टायर बटनाचे, पुढे तळहाताएवढा दिवा. इंडिकेटर, आरसे, हॉर्न यांचा पत्ता नाही. फोटोखाली एवढंच लिहिलं होतं, "मामा, घेऊ का? पाटी नाहीये, पण किट मिळतं म्हणे."

गाडीला पाटी नाही म्हटलं की आपल्याकडे मनात पहिली शंका चोरीची येते. तिथे तसं नाही. ॲरिझोना, युटा, नेवाडा या भागात कितीतरी मोटरसायकली रस्त्याच्या नोंदणीशिवाय आयुष्य काढतात. पिकअपच्या हौद्यात उभ्या राहून त्या वाळवंटाच्या कडेपर्यंत जातात, दिवसभर धावतात आणि धुळीने माखून त्याच हौद्यातून घरी येतात. भाच्याकडे पिकअप नाही. डोंगरातली वाट त्याच्या घरापासून आठ मैलांवर सुरू होते आणि ते आठही मैल डांबरी आहेत. त्याची सगळी अडचण त्या आठ मैलांची होती.

मला या प्रश्नाचं विशेष वाटलं, कारण माझी तरुणपणीची कितीतरी वर्षं याच्या बरोबर उलटा प्रकार बघण्यात गेली. पुण्यात, नाशकात, कोल्हापुरात डर्ट ट्रॅकच्या शर्यती असल्या की पोरं रस्त्यावरची गाडी उघडून मातीची करायची. त्यात सगळ्यांची लाडकी आरएक्स 100. आपल्याकडे 1985 ते 1996 या काळात निघालेली 98 सीसीची टू-स्ट्रोक, 11 बीएचपीची, आणि वजनाने इतकी हलकी की दोघांनी धरून ओट्यावर चढवावी. शनिवारी दुपारी गॅरेजच्या फरशीवर हेडलाइट, इंडिकेटर, साडीगार्ड, चेनकव्हर, मागची ग्रिप यांचा ढीग पडायचा. मागचं स्प्रॉकेट मोठं बसायचं, कार्बोरेटरचा जेट बदलायचा, दिव्याच्या जागी पत्र्याचा तुकडा आणि त्यावर ऑइल पेंटने काढलेला शर्यतीचा आकडा. रविवारी शर्यत. सोमवारी तीच गाडी सगळे दिवे परत लावून कॉलेजच्या स्टँडवर. उतरवलेला एकेक नट डालड्याच्या डब्यात जपून ठेवलेला असायचा. जे काढलं ते परत बसत होतं, आणि आरसी बुकात गाडी तीच राहत होती.

भाच्याला मात्र गाडीवर जे कधी नव्हतंच ते बसवायचं होतं.

मातीची गाडी आणि रस्त्याची गाडी असे दोन वेगळे वंश नेहमीच होते असं नाही. अमेरिकेत साठच्या दशकापर्यंत लोक रस्त्याचीच गाडी, थोडी उंच करून, सायलेन्सर वर वळवून वाळवंटात घालत. 1968 मध्ये यामाहाने डीटी-1 आणली. 250 सीसी वर्गातली ही टू-स्ट्रोक हलकी होती, दिव्यांसकट पास झालेली होती आणि खरोखर डोंगरात जाणारी होती. 1972 मध्ये होंडाची एक्सएल 250 आली, ती फोर-स्ट्रोक. घरून निघायचं, डोंगरात हिंडायचं, घरी यायचं, हे सगळं एकाच गाडीवर जमू लागलं. पण मोटोक्रॉसच्या शर्यती वाढत गेल्या, शॉकअपची चाल लांबत गेली, इंजिनं तिखट होत गेली आणि शर्यतीच्या गाडीवरून वजनाच्या नावाखाली एकेक वस्तू उतरली. शेवटी दिव्याला वीज देणारी कॉइलसुद्धा उतरली. वंश फुटले ते तिथे.

त्या फुटीवर पूल बांधणाऱ्यांचा एक धंदाच उभा राहिला. कॅलिफोर्नियातली बाहा डिझाइन्स ही कंपनी 1992 पासूनची. आज तिचं नाव एलईडी दिव्यांसाठी घेतलं जातं, पण जुन्या लोकांना ती आठवते तिच्या ड्युअल-स्पोर्ट किटसाठी. होंडाच्या एक्सआर मालिकेतल्या मातीच्या गाड्यांना रस्त्यावर आणायचं सगळं सामान एका खोक्यात मिळायचं: हेडलाइट, ब्रेकचा लाल दिवा, इंडिकेटर, हॉर्न, हँडलवरचे स्विच आणि या सगळ्यांची तयार वायरिंग. आज अशी किटं दोन-तीनशे डॉलरपासून मिळतात. खोक्याबाहेरच्या कामात मात्र हाताची कला लागते, आणि तिच्याबद्दल मला मनापासून आदर आहे.

उदाहरण घेऊ होंडा एक्सआर 650 आरचं. मेक्सिकोतली बाहा 1000 ही वाळवंटाची शर्यत अनेकदा जिंकलेली ही गाडी. तिला ना बॅटरी, ना सेल्फ. किक मारायची आणि निघायचं. मॅग्नेटच्या कॉइलमधून येणारी वीज उलटसुलट वाहणारी, म्हणजे एसी, आणि तीही पुढचा दिवा कसाबसा पेटेल एवढी. इंजिन मंदावलं की दिवा मिणमिणतो. हॉर्न, ब्रेकलाइट आणि इंडिकेटर नीट चालायचे तर बॅटरी हवी, बॅटरी भरायला डीसी हवी. मग मॅग्नेटचं कव्हर उघडून कॉइल प्लेट बाहेर काढतात. कॉइलच्या तारेचं एक टोक लोखंडी गाभ्याला डाख देऊन बॉडीला अर्थ केलेलं असतं. त्यामुळे रेक्टिफायर लावला तरी लाटेचा अर्धाच भाग हाती लागतो, उरलेला अर्धा वाया. कारागीर तो डाख सोडवतो, टोक अलगद उचलतो, त्याला नवी तार जोडतो, उष्णता आणि तेल सोसणारं आवरण चढवतो आणि ती दुसरी तारही बाहेर आणतो. आता दोन्ही टोकं रेक्टिफायरला मिळतात आणि पूर्ण लाट कामी येते. याला ते लोक कॉइल 'तरंगती' करणं म्हणतात, म्हणजे बॉडीपासून सुटलेली. सगळी कॉइल जाड तारेने नव्याने गुंडाळून घेणारेही आहेत. केसाएवढी तार तुटली की काम पुन्हा पहिल्यापासून. आपल्याकडे पंख्याच्या मोटारी गुंडाळणारे कारागीर ज्यांनी जवळून पाहिलेत, त्यांना या कामातला संयम वेगळा सांगायला नको.

ब्रेकलाइटची गंमतही अशीच. आपल्या गाड्यांना ब्रेकच्या पायड्याला स्प्रिंगचा स्विच असतो. शर्यतीच्या गाडीवर त्याला जागाच ठेवलेली नसते. म्हणून ब्रेकच्या तेलाची नळी जिथे बोल्टने जोडलेली असते, तो बोल्टच बदलतात. नव्या बोल्टच्या पोटात दाबाचा स्विच असतो. तेल दाबलं गेलं की मागे लाल दिवा पेटतो. एक बोल्ट, दोन तारा आणि नंतर तेलातली हवा नीट काढणं. टायरचंही बघावं लागतं. मोटोक्रॉसच्या कित्येक टायरच्या कडेवर 'हायवेसाठी नाही' असं इंग्रजीत कोरलेलंच असतं. रस्त्यासाठी डीओटी ही तीन अक्षरं असलेला टायर लागतो. तसे बटन टायरही मिळतात, फक्त मागून घ्यायला हवेत.

एवढं झालं की गाडी रस्त्याची दिसू लागते. खरा प्रश्न त्यानंतरचा, आणि नव्या माणसाची फसगत होते ती इथेच. दिवे, आरसे, हॉर्न हा सगळा वरचा साज. इंजिन कोणत्या आयुष्यासाठी बांधलंय ते त्यावरून कळत नाही.

मोटोक्रॉसच्या 450 सीसी गाडीची देखभाल किलोमीटरवर मोजत नाहीत, तासांवर मोजतात. इंजिनात तेल थोडंसं, एक लिटरच्या आसपास किंवा त्याहून कमी, आणि ते काही तासांनी बदलायचं. पिस्टन हीसुद्धा ठरावीक तासांनी बदलायची वस्तू, आपण ब्रेकशू बदलतो तशी. गिअर जवळजवळचे, कारण शर्यतीत उडी आणि वळण यांच्यामध्ये वेग झटकन उचलावा लागतो. डांबरावर ताशी 90 किलोमीटरने तासभर जायचं म्हटलं की तेच इंजिन सतत किंचाळत राहतं. रेडिएटर असतो, पण पंखा बहुधा नसतो, कारण शर्यतीत गाडी थांबतच नाही. सिग्नलला दोनदा अडकली की पाणी उकळतं. मागच्या चाकाच्या हबमध्ये आपल्या रोजच्या गाड्यांना जे ड्रम रबर असतात, गिअर बदलताना बसणारा हिसका गिळणारे, ते अशा गाड्यांत सहसा नसतात. मातीत चाक घसरतं आणि हिसका तिथेच विरतो. डांबरात टायर चिकटून राहतो, मग प्रत्येक हिसका चेनमधून सरळ गिअरबॉक्समध्ये जातो. सीटखालची फ्रेम हलकी ॲल्युमिनियमची. तिच्यावर मागे माणूस बसवायचा विचारही करू नये.

होंडाने हे सगळं मान्य करूनच 2018 मध्ये सीआरएफ 450 एल काढली. शर्यतीच्या 450 आरला रस्त्याचं रूप द्यायचं होतं. कारखान्यात कुशल लोकांची काय वाण? तरीही त्यांना नुसत्या दिव्यांवर भागवता आलं नाही. कॉम्प्रेशन 13.5 वरून 12 वर उतरवलं, क्रँकचं जडत्व 12 टक्के वाढवलं, पाचाऐवजी सहा गिअर दिले. 112 किलोंची गाडी 131 किलोंवर गेली. इतकं करूनही तेल बदलायचं अंतर साधारण हजार किलोमीटरचंच राहिलं, आणि अमेरिकेत किंमत दहा हजार डॉलरच्या वर गेली. ज्याला वाटतं की शर्यतीच्या गाडीला अडीचशे डॉलरचं किट लावून काम भागेल, त्याने हे 19 किलो कशाकशाचे आहेत ते एकदा नीट बघावं. मोटोक्रॉसची गाडी रस्त्यासाठी बदलू नये, हे माझं स्पष्ट मत आहे, आणि कुणी कितीही स्वस्तात दिली तरी ते बदलणार नाही.

पण भाच्याने पाठवलेली गाडी मोटोक्रॉसची नव्हती. म्हणून तर मी लगेच 'नको' म्हणालो नाही.

डीआर-झेड 400 हे सुझुकीचं 2000 सालचं अपत्य. पाण्याने थंड होणारं 398 सीसीचं एक सिलिंडर, पाच गिअर, आणि टिकाऊपणा असा की कावासाकीनेही काही काळ तीच गाडी आपल्या नावाने विकली. सुझुकीने ती जोडीनेच काढली. ई ही मातीची, एस ही रस्त्यासाठी पास झालेली. दोघींची हाडं तीच, पण स्वभाव वेगळे ठेवले. ईचं कॉम्प्रेशन 12.2, एसचं 11.3. ईला केहीनचा 39 मिलिमीटरचा एफसीआर कार्बोरेटर, ॲक्सिलरेटर पिळताक्षणी पेट्रोलची पिचकारी मारणारा; एसला मिकुनीचा 36 मिलिमीटरचा शांत कार्बोरेटर. ई कोरडी 119 किलोंची, एस 132 किलोंची. या तेरा किलोंत दिवे, आरसे, पोलादी सीटफ्रेम, आवाज दाबणारा जड सायलेन्सर असं सगळं आलं. रस्त्याच्या मोटरसायकलीला अमेरिकेत 80 डेसिबलची मर्यादा आहे, आणि आवाज दाबायचा तर पत्रा लागतोच. ईला सेल्फ आहे, म्हणजे बॅटरी आणि चार्जिंग आधीचंच आहे. कॉइल सोडवायचं निम्मं दुखणं इथे मुळात नाही. मातीतली गाडी रस्त्यावर आणायचीच असेल तर याहून सोयीची शोधून सापडणं कठीण.

या जोडीची मला भावलेली गोष्ट अशी, की दोन्हीकडचे मालक एकमेकांच्या दिशेने चालत असतात. ईवाले दिवे शोधतात. एसवाले, पाटी हातात आल्यावर, एअरबॉक्सच्या झाकणाला तीन इंच बाय तीन इंचांचा चौकोन कापतात, म्हणजे इंजिनाला जास्त हवा मिळते. या कापण्याला 'थ्री बाय थ्री' असं नावच पडलंय. मग एफसीआर कार्बोरेटर, मग ईचे कॅम, मग हलका सायलेन्सर. दोन-तीन वर्षांत एस बरीचशी ई होते. फरक एवढाच, की एसवाल्याचं काम पान्याचं असतं आणि ईवाल्याचं काम कागदाचं.

आणि कागद पान्याला दाद देत नाही. तिथे गाडी कारखान्यातून निघते तेव्हा तिच्यासोबत जन्मदाखल्यासारखा एक कागद येतो, आणि मातीच्या गाडीच्या कागदावर ती रस्त्यासाठी नाही असं लिहिलेलं असतं. पुढे काय करायचं ते राज्य ठरवतं. ॲरिझोनासारखी राज्यं उदार: सामान लावा, तपासून घ्या, पाटी घ्या. शेजारच्या कॅलिफोर्नियाने प्रदूषणाच्या कारणाने हे दार 2000 च्या दशकाच्या सुरुवातीलाच बंद केलं. मधल्या काळात दूरच्या व्हरमाँट राज्यातून टपालाने कागद करून आणायची युक्ती लोकप्रिय झाली होती. 2023 मध्ये तिथल्या खात्याने परराज्यातल्यांसाठी ती बंद केली. म्हणजे आज ॲरिझोनात कष्टाने मिळवलेली पाटी उद्या नोकरी बदलून लॉस एंजेलिसला गेल्यावर उपयोगाची राहीलच असं नाही. भाच्याच्या कंपनीचं मोठं ऑफिस तिथेच आहे. हा मुद्दा मी त्याला फोनवर दोनदा सांगितला.

त्याने मधेच विचारलं, "मामा, आपल्याकडे चालतं का हे?"

आपल्याकडे हे दार उघडलेलंच नाही. नवं मॉडेल रस्त्यावर येण्याआधी त्याची चाचणी होऊन मंजुरी लागते. त्या चाचण्या करणारी प्रमुख संस्था, 1966 मध्ये स्थापन झालेली एआरएआय, कोथरूडच्या वर वेताळ टेकडीवर आहे. टेकडीवर फिरायला जाणाऱ्यांना तिचं कुंपण ओळखीचं असतं. देशभरातल्या कितीतरी गाड्यांना रस्त्याची परवानगी त्या कुंपणाआड मिळाली आहे. जे मॉडेल या वाटेने गेलं नाही, त्याला आरटीओत पासिंग नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 मालकाला गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करू देत नाही. जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही केरळच्या एका प्रकरणात तेच बजावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद आली. शिवाय नियमात मागच्या माणसाला पकडायला ग्रिप, पाय ठेवायला जागा आणि मागचं चाक निदान अर्धं झाकणारं साडीगार्ड. एफसीआर कार्बोरेटरवर भाळलेल्या माणसाला साडीगार्डचं महत्त्व वाटणार नाही. पण मागे बसलेल्या बाईचा पदर चाकात अडकून झालेले अपघात ज्या पिढीने पाहिलेत, तिला तो नियम कशासाठी आला ते माहीत आहे.

म्हणून आपल्याकडे मातीच्या गाड्या बंद ट्रॅकवरच धावतात. जानेवारी 2024 मध्ये बालेवाडीच्या क्रीडासंकुलात माती टाकून इंडियन सुपरक्रॉस रेसिंग लीगची पहिली फेरी झाली, तिथल्या परदेशी गाड्या टेम्पोतूनच आल्या आणि टेम्पोतूनच गेल्या. ज्याला पाटी आणि माती दोन्ही हवं, त्याला दुसरी गाडी घेणं हाच आपल्याकडचा मार्ग, आणि तो पूर्वीइतका ओसाड राहिलेला नाही. हीरोने 2011 मध्ये इम्पल्स आणली, तिला लोकांनी फारसं उचलून धरलं नाही. 2019 मध्ये आलेली 199.6 सीसीची एक्सपल्स 200 मात्र रुजली. पुढच्या वर्षी कंपनीने तिच्यासाठी 38 हजार रुपयांचं रॅली किट काढलं: पुढे 250 आणि मागे 220 मिलिमीटर चालीचे शॉकअप, उंच हँडल, सपाट सीट, बटन टायर. 2023 च्या प्रो मॉडेलमध्ये तसे लांब शॉकअप कारखान्यातूनच बसून येऊ लागले. डालड्याच्या डब्यातल्या नटांपासून आपण इथवर आलो, याचा मला खरोखर आनंद आहे. 2024 च्या अखेरीस कावासाकीची केएलएक्स 230 आली, तीही पाटीसकट. आपल्याकडच्या तरुणाने परदेशी मातीची गाडी कुठून तरी मिळवून, तिला दिवे लावून, जुन्या गाडीच्या नंबरावर चालवायचा मोह टाळावा. अपघात झाला आणि विमा कंपनीने चेसिस नंबर पाहिला, तर समोरच्या जखमी माणसाला भरपाई कोण देणार?

भाच्याशी पुन्हा बोलणं झालं ते हिशेबाचं. ई 2,500 डॉलरला मिळत होती. किट, डीओटीचे टायर, ब्रेकचे स्विच, आरसे, तपासणी आणि नोंदणीची फी धरून सहा-सातशे डॉलर आणखी. शिवाय दोन-तीन शनिवार-रविवार. त्याच शहरात 2006 ची एक एस 3,500 ला होती. म्हणजे खरं अंतर तीन-चारशे डॉलरचं. "अरे, तुला काम करायची हौस आहे का गाडी चालवायची?" मी विचारलं. तो थोडा वेळ गप्प राहिला आणि म्हणाला, "दोन्ही. पण पहिल्यांदा चालवायची."

त्याने एस घेतली. पंधरा दिवसांनी पुन्हा फोटो आला. आधीच्या मालकाने एअरबॉक्सला तीन इंचांचा चौकोन कापून ठेवलाच होता, कडाही नीट घासलेल्या नव्हत्या. त्याला मी बारीक पॉलिश पेपर घ्यायला सांगितला आणि घासताना कार्बोरेटरच्या तोंडात बोळा कोंबून ठेव, म्हणजे भुगा आत जाणार नाही, असंही सांगितलं. मागच्या मडगार्डवर ॲरिझोनाची पाटी दोन साध्या नटांवर लटकत होती. एका सिलिंडरची थरथर फार असते, तसे नट पहिल्याच खडकाळ उतरणीला सुटतात. "लॉकनट लाव," मी त्याला लिहिलं, "आणि खाली रबराचा वायसर घाल."